रिफरवर आकडा शून्य, पण दारापाशच्या पेट्या गरम: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की पिंपळगाव, निफाड, दिंडोरी पट्ट्यात रिफरबद्दल, म्हणजे माल गार ठेवणाऱ्या गाडी-कंटेनरबद्दल, एकच तक्रार फिरत असते. "मशीन शून्य दाखवतंय, पण मागच्या पेट्या सात-आठ अंशांवर निघाल्या." मग ट्रान्सपोर्टवाला पॅकहाऊसला बोल लावतो, पॅकहाऊसवाले मशीनला, आणि ड्रायव्हर दोघांनाही. पॅकहाऊसचं लोडिंग माझ्याकडे असल्यामुळे हे भांडण दर हंगामात माझ्या टेबलावर येतं. बहुतेक वेळा मशीनमध्ये काहीही बिघडलेलं नसतं. एक तर माल चढतानाच गरम असतो, नाही तर गार हवेला मालापर्यंत जायला वाट ठेवलेली नसते.

खालची तपासणी सोप्यापासून अवघडाकडे आणि फुकटापासून खर्चिकाकडे अशी लावली आहे. क्रम मोडू नका. पहिल्या तीन-चार गोष्टी न पाहता थेट "गॅस कमी झाला असेल" म्हणून मेकॅनिक बोलावणारे फार असतात. तो येतो, प्रेशर बघतो, मशीन ठीक आहे म्हणतो आणि व्हिजिटचे पैसे घेऊन जातो.

उदाहरणं द्राक्षाची आहेत, कारण माझा हात त्यात बसला आहे. डाळिंब, स्ट्रॉबेरी, भाजीपाला यांनाही हेच लागू पडतं, फक्त आकडे बदलतात.

लक्षणं: नेमकं काय होतंय ते आधी ठरवा

"माल गरम आला" एवढ्यावरून काहीच कळत नाही. कुठला माल, कुठल्या जागेवरचा, आतून गरम की बाहेरून, हे पाहा.

• दाराकडच्या पेट्या गरम, मशीनकडच्या व्यवस्थित गार: हवा मागपर्यंत पोचत नाही. रचना किंवा दाराचं रबर.

• पुढच्या वरच्या थरातले मणी गोठलेले, मागचा माल गरम: माल छतापर्यंत चढवलाय आणि गार हवेचा झोत पहिल्या रांगेवरच आदळतोय.

• पॅलेटच्या (ज्या फळीवर पेट्यांची थप्पी रचतात तिच्या) कडेच्या पेट्या गार, मधल्या गरम: प्रीकूलिंग (भरण्याआधी माल गार करणं) अर्धवट, किंवा पेट्यांची भोकं एकमेकांसमोर आलेली नाहीत.

• सगळाच माल सारखा गरम, तापमान तासाला थोडं थोडं उतरतंय: गरम माल भरलाय. मशीन आपलं काम करतंय.

• दार लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांत मशीन सेट केलेल्या तापमानावर आलं, माल मात्र तसाच: हे लक्षण सगळ्यात फसवं. लोकांना वाटतं मशीन जोरात आहे. प्रत्यक्षात गार हवा मालाला न शिवता परत मशीनमध्येच शिरतेय.

• सुरुवातीला ठीक, काही तासांनी तापमान चढू लागतं, पंख्याचा वारा मंद वाटतो: आतल्या कॉइलवर (हवा गार करणाऱ्या नळ्यांवर) बर्फ धरलाय.

• छताला पाण्याचे थेंब, पेट्या ओल्या, मण्यांवर देठाजवळ पांढरट डाग: दमट हवा आत आली. ग्रेप गार्डच्या (बुरशी रोखायला पेटीत ठेवतात त्या) कागदाला ओल लागली की त्यातला सल्फर डायऑक्साइड एकदम सुटतो आणि मणी पांढरे पडतात. खरेदीदार याला 'ब्लीचिंग' म्हणून दर पाडतो. मूळ चूक असते लोडिंगच्या वेळी उघड्या राहिलेल्या दाराची.

रिफर गार करत नाही, गार ठेवतो

हे डोक्यात बसलं नाही तर पुढचं सगळं वाया. रिफरचं मशीन बाहेरून भिंतींतून येणारी उष्णता आणि मालाच्या स्वतःच्या श्वसनाची उष्णता काढून टाकण्याच्या बेताने बनवलेलं असतं. बागेतली उष्णता काढायला प्रीकूलिंग चेंबर आहे.

हिशोब करून बघा. ४० फुटी कंटेनरमध्ये १४ टन द्राक्ष धरा, २० अंशांवर भरलेलं. एक किलो द्राक्ष एक अंशाने उतरवायला साधारण ३.६ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १४,००० गुणिले ३.६ गुणिले २०, म्हणजे सुमारे १० लाख किलोज्यूल, म्हणजे २८० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता. मशीनची क्षमता शून्य अंशाला ८ किलोवॅट धरली तर ३५ तास. तेही सगळी गार हवा प्रत्येक मण्याला लागली तर. बंद पेटी, त्यात प्लास्टिकचा लायनर, त्यावर घट्ट थप्पी असेल तर मधल्या पेट्या उतरायला कित्येक दिवस लागतात. तोवर घडाच्या काड्या तपकिरी होतात.

आता तपासणी.

१. थर्मामीटर खरं बोलतोय का

खर्च शून्य. स्टीलच्या पेल्यात बर्फाचा चुरा घाला, तो जेमतेम भिजेल इतकंच पाणी टाका, ढवळा. प्रोब (थर्मामीटरची सुई) मधोमध धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. दोन मिनिटांनी आकडा शून्याच्या अर्धा अंश इकडे-तिकडे आला पाहिजे. एक-दीड अंशाचा फरक आला तर तो थर्मामीटर बाजूला ठेवा, कारण द्राक्षात एक-दीड अंशावरच सगळं भांडण चालतं.

बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर या कामाला चालत नाही. तो फक्त पेटीच्या पुठ्ठ्याचं तापमान सांगतो. पुठ्ठा दोन मिनिटांत गार होतो आणि तितक्याच लवकर तापतो. प्रोब मण्याच्या गरात लांबीच्या बाजूने घुसवायची. मणी बारीक असेल तर त्याच पेटीतले तीन-चार मणी बघायचे. मोजताना पॅलेटची बाहेरची पेटी घेऊन समाधान मानू नका, मधल्या थरातली आतली पेटी काढा. हमाल कुरकुर करतील. करू द्या.

२. सेटिंग

हास्यास्पद वाटेल, पण उणेचं चिन्ह राहून जाणं, सेल्सिअसऐवजी फॅरनहाइट असणं, आधीच्या फेरीचं सेटिंग तसंच राहणं, या तीन गोष्टी दर हंगामात सापडतात. केळीची फेरी करून आलेल्या गाडीवर १३ अंश तसेच असतात आणि त्यात द्राक्ष भरलं जातं.

द्राक्षाला उणे ०.५ ते शून्य. स्ट्रॉबेरी शून्याच्या आसपास. डाळिंबाला साधारण ५ ते ७, त्याखाली साल डागाळते. केळीला १३ ते १४, खाली गेली की साल काळवंडते आणि पुढे पिकतही नाही नीट. यावरून हेही लक्षात येईल की द्राक्ष आणि केळी एका गाडीत घालून "मधलं काहीतरी सात अंश लावू" हा तोडगा दोन्ही माल बिघडवतो. गाडीभाडं वाचतं, माल जातो.

रोडवरच्या रिफर गाड्यांना दोन प्रकारे चालवता येतं: सतत, किंवा सेटवर आल्यावर बंद होऊन पुन्हा चालू. दुसऱ्या प्रकारात डिझेल वाचतं, पण मशीन बंद असताना पंखाही बंद. ताज्या फळाला पंखा सतत फिरता हवा, कारण फळ श्वास घेतं आणि स्वतः उष्णता सोडत असतं. गोठवलेल्या मालाला बंद-चालू चालून जातं. गाडी आली की हे बटण आधी बघा.

आणखी एक सवय मोडायला हवी. माल थोडा गरम आहे, लवकर उतरावा म्हणून सेट उणे तीनवर ठेवणे. मशीनची ताकद त्याने वाढत नाही. पुढच्या रांगेवर मात्र उणे तीनची हवा आदळते आणि तिथला माल गोठतो. गोडी कमी असलेला माल आधी गोठतो, म्हणजे हंगामाच्या सुरुवातीचा, चांगल्या भावाचा.

३. मालाचं तापमान, चढवायच्या आधी

कोल्ड रूमच्या बोर्डावर शून्य लिहिलंय म्हणजे माल शून्याला आहे असं नाही. तो खोलीच्या हवेचा आकडा आहे. चढवण्याआधी वेगवेगळ्या पॅलेटमधून गराचं तापमान घ्या, पॅलेट नंबरसह वहीत लिहा. द्राक्ष २ अंशांच्या वर असेल तर माझ्याकडे ते पॅलेट परत आत जातं. गाडी दारात उभी असते, एजंट कटऑफची (बंदरात कंटेनर पोचवायची शेवटची) वेळ सांगून फोनवर फोन करतो. तरीही आत जातं. चार तास थांबलेलं पॅलेट पुढच्या कंटेनरला लागतं, गरम भरलेलं पॅलेट शेजारच्या चार पॅलेटना तापवतं.

माल कोल्ड रूममधून निघून गाडीत जाईपर्यंत बाहेर किती वेळ राहतो तेही मोजा. मार्चच्या दुपारी माल चढवायच्या उघड्या धक्क्यावर अर्धा तास पडलेल्या पॅलेटच्या बाहेरच्या पेट्या सहज तीन-चार अंश चढतात, आणि गार मण्यावर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं ते वेगळंच. एका वेळी दोनच पॅलेट बाहेर काढा. जमलं तर लोडिंग रात्री किंवा पहाटे.

४. रिकामी गाडी आतून बघा

टॉर्च आणि झाडू एवढंच लागतं.

दिवसा एका माणसाला आत उभं करून दार बंद करा. आतून दार उघडायची कडी चालते का हे आधी तपासा आणि बाहेर माणूस उभा ठेवा. आतल्याने कडेकडेने पाहायचं, कुठून उजेड येतो. उजेड येतो तिथून उन्हाळ्याची हवाही येते. रबर कुठे दबून सपाट झालंय, कुठे फाटलंय हे कळायला कागदाची पट्टी रबरात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघून आली तर तिथे पकड नाही. खालचे कोपरे सगळ्यात आधी जातात, कारण लोडिंगवाले तिथेच पाय देतात.

फरशीच्या खाचा बघा. मागच्या फेरीचे मणी, पुठ्ठ्याचे तुकडे, थर्माकोल, पॅकिंगच्या पट्ट्या. या खाचा हवेचा रस्ता आहेत. तुंबल्या असतील तर वर कितीही नीट रचा. झाडून, धुऊन, कोरडी करून घ्या. पाणी जायची भोकं आणि त्यांची रबरी टोपणंही बघा: टोपण गायब असेल तर तिथून गरम हवा आत ओढली जाते.

वास घ्या. आधी मासळी नेलेली गाडी द्राक्षाला देऊ नये, एवढं सांगून पुढे जातो.

५. दार उघडं, मशीन बंद

रोडवरच्या गाडीची पेटी लोडिंगआधी तास-दीड तास दार लावून सेटपर्यंत गार करून घ्या. भिंतींत आणि फरशीत साठलेली उष्णता निघायला तेवढा वेळ लागतो. मग दार उघडायच्या आधी मशीन बंद करा. इथे सगळे वाद घालतात: "चालू राहिलं तर गारवा राहील ना?" नाही राहत. दार उघडं आणि पंखा चालू असला की तो बाहेरची गरम, दमट हवा ओढून कॉइलवर आणतो. त्या हवेतलं पाणी कॉइलवर गोठतं. गाडी कसारा घाटात उतरायच्या आत कॉइल बर्फाने अर्धी भरलेली असते. मग रस्त्यात "मशीन कमजोर पडलं" असा फोन येतो.

समुद्रमार्गे जाणाऱ्या कंटेनरचं थोडं वेगळं आहे. तुमच्या धक्क्यावर कंटेनर चिकटून लागत असेल, मध्ये फट नसेल आणि धक्काही थंड असेल तरच तो आधी गार करा. उघड्या धक्क्यावर गार केलेला कंटेनर उघडला की भिंतींवर आणि छतावर पाणी धरतं, ते पेट्यांवर गळतं. तिथे तो साध्या तापमानाला उघडून, पटकन भरून, दार लावून मगच चालू केलेला बरा.

चहाची सुट्टी झाली तर दार लावून जा.

६. रचना: खरी मेख इथे

एकाच पॅकहाऊसमधून एकच टोळी दोन प्रकारच्या गाड्या भरते. सकाळी दिल्ली-कोलकात्याची रिफर गाडी, रात्री न्हावा शेव्याचा कंटेनर. दोन्हींत मशीन पुढे, दार मागे. म्हणून दोन्ही सारख्याच भरल्या जातात. पण आत हवा उलट-सुलट फिरते.

कंटेनरमध्ये गार हवा खालून येते. मशीन ती पुढच्या भिंतीमागून फरशीच्या टी आकाराच्या खाचांत सोडतं. तिथून ती पेट्यांच्या भोकांतून वर चढते, मालाच्या डोक्यावरून परत मशीनकडे जाते. हवा आळशी असते, मोकळी वाट सापडली की मालातून कशाला जाईल? म्हणून कंटेनरमध्ये फरशी पूर्ण झाकलेली हवी आणि पॅलेट एकमेकांना भिडलेले. १ मीटर बाय १.२ मीटरचे २० पॅलेट लावले तर एका ओळीत ११ आणि दुसऱ्या ओळीत ९ बसतात. ११ची ओळ ११ मीटर होते, ९ची १०.८ मीटर. म्हणजे दाराकडे ओळी सारख्या संपत नाहीत, खालच्या खाचा उघड्या राहतात. तिथे जाड पुठ्ठा टाकून त्या झाका. शेवटच्या पॅलेटखालची, फोर्कलिफ्टचे दात जातात ती तोंडंही पुठ्ठ्याने बंद करा. हे केलं नाही तर सगळी हवा त्या भगदाडातून वर उसळते आणि पंधरा मिनिटांत डिस्प्ले शून्य दाखवतो. वर सांगितलेलं फसवं लक्षण ते हेच.

माल खाचांच्या टोकापलीकडे, दाराला टेकेपर्यंत ढकलायचा नाही. आणि वर भिंतीवर लाल रेघ असते, तिच्या वर एकही पेटी नाही. "अजून एक थर बसतोय की" म्हणून बसवलेल्या त्या थरापायी परतीची वाट बंद होते.

रोडवरच्या रिफर गाडीत गार हवा वरून येते. मशीनच्या तोंडापासून छताला लागून कापडी नळी मागपर्यंत गेलेली असते, त्यातून हवा दारापर्यंत जाते, मालाच्या मागून आणि भिंतींच्या कडेने खाली उतरते, फरशीवरून पुढे येऊन पुढच्या भिंतीच्या खालच्या तोंडातून मशीनमध्ये शिरते. म्हणून इथे मालाभोवती मोकळी जागा हवी. वर वीतभर तरी, दार आणि माल यांच्यात चार बोटं, भिंतीकडे थोडी, आणि मुख्य म्हणजे मालाच्या खाली वाट. आपल्याकडे बऱ्याच गाड्यांची फरशी सपाट असते आणि पेट्या हाताने थेट फरशीवर रचतात. खालची वाट तिथेच संपली. प्लास्टिकचे पॅलेट घाला. नसतील तर लाकडी पट्ट्या घाला, पण गाडीच्या लांबीत. आडव्या घातलेल्या पट्ट्या हवा अडवतात. पुढच्या भिंतीचं खालचं तोंड पेट्यांनी, मोकळ्या गोणपाटाने किंवा ड्रायव्हरच्या सामानाने बंद झालेलं नाही ना, हे वाकून बघा.

थोडक्यात, कंटेनरची गच्च रचना गाडीत केली तर मागचा माल तापतो. गाडीची मोकळी रचना कंटेनरमध्ये केली तर हवा फटींतून पळते. टोळीच्या मुकादमाला हे एकदा कागदावर बाण काढून दाखवा. नुसतं सांगून विसरलं जातं.

पेट्यांची थप्पी पेटीवर पेटी, कोपऱ्यावर कोपरा अशी सरळ चढली पाहिजे. विटांच्या भिंतीसारखा सांधा मोडून रचली तर थप्पी मजबूत वाटते, पण वरच्या पेटीची भोकं खालच्या पेटीच्या पुठ्ठ्यावर येतात आणि वाट बंद होते. शिवाय पुठ्ठ्याच्या पेटीची ताकद कोपऱ्यांत असते, कोपरा मध्यावर आला की पेटी दबते. थप्पी हलू नये म्हणून कोपऱ्यांना अँगल लावून पट्टी ओढा. पॅलेटभोवती प्लास्टिकचा ताव गच्च गुंडाळू नका, भोकं झाकली जातात.

७. पंखा, नळी, कॉइल

मशीन चालू करून मागच्या दारापाशी हात धरा. रोडच्या गाडीत वारा लागला पाहिजे. लागत नसेल तर आधी कापडी नळी बघा. फोर्कलिफ्टच्या उभ्या खांबाने किंवा उंच थप्पीने ती फाटते, आणि फाटली की हवा मध्येच सांडते. शिवून घेता येते, खर्च किरकोळ.

नळी ठीक आणि वारा मंद असेल तर कॉइलवर बर्फ आहे असं धरा. हाताने डिफ्रॉस्ट (बर्फ वितळवणं) चालू करा. त्या काळात डिस्प्लेवर तापमान चढलेलं दिसेल, घाबरू नका, अर्ध्या तासाच्या आत-बाहेर ते संपून पुन्हा उतरायला लागतं. डिफ्रॉस्टनंतर वारा सुधारला आणि पुन्हा काही तासांत मंदावला तर ओल कुठून तरी आत येत राहतेय: दाराचं रबर, ड्रेनचं टोपण, किंवा हवा बदलायची खिडकी उघडी राहिलीय. ती खिडकी किती उघडी ठेवायची हे निर्यातदाराच्या बुकिंगच्या सूचनेत असतं. ड्रायव्हरच्या अंदाजावर सोडू नका. डिफ्रॉस्टचं पाणी बाहेर पडताना दिसलं नाही तर ड्रेन तुंबलाय.

बर्फ स्क्रू-ड्रायव्हरने किंवा सळईने फोडायचा नाही. कॉइलची नळी पातळ असते.

८. बाहेरची बाजू

बाहेरच्या कॉइलवर धूळ, कडबा, कीटक यांचा थर बसला की मशीन उष्णता टाकू शकत नाही. दुपारी कमजोर, रात्री ठीक, असं होत असेल तर पहिला संशय इथे. मशीन बंद करून, साध्या दाबाच्या पाण्याने, आतल्या बाजूने बाहेर धुवा. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनने पात्या वाकतात.

डिझेल बघा. गाडीच्या टाकीचं नाही, रिफरच्या टाकीचं. कंटेनर असेल तर जेनसेटच्या (कंटेनरला वीज देणाऱ्या जनरेटरच्या) टाकीचं. आणि इथे एक नाजूक गोष्ट बोलायला हवी: डिझेल ठोक पैशांत दिलेलं असेल तर रात्री ढाब्यावर मशीन बंद करायचा मोह होतो. डेटा लॉगरच्या (तापमान नोंदवत राहणाऱ्या यंत्राच्या) आलेखात ते स्वच्छ दिसतं, तापमान सरळ रेषेत चढतं आणि पहाटे सरळ उतरतं. बिघाडाचा आलेख असा नीटनेटका नसतो. रिफरचं डिझेल वेगळं, मीटरच्या तासांवर द्या. भांडण निम्मं मिटतं.

इथे थांबा, मेकॅनिक बोलवा

इथवरचं सगळं पाहून झालं आणि तरीही हवा गार येत नाही, तर आता हात लावू नका.

• मशीनच्या नळ्यांच्या सांध्यांवर तेलाचे ओले डाग. गॅस गळतोय. रस्त्यावर "गॅस मारून देतो" म्हणणाऱ्याकडून भरून घेऊ नका. गळती शोधल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच. आणि आर-४०४ए सारखा मिश्र गॅस असेल तर गळतीनंतर त्याचं मिश्रण बिघडलेलं असू शकतं, म्हणून नुसता वरून टाकत नाहीत.

• ब्रेकर पडतोय. एकदा चढवून बघा. पुन्हा पडला तर सोडून द्या. कंटेनर ४०० व्होल्टच्या पुढच्या थ्री-फेज विजेवर चालतो. कंट्रोल बॉक्सचं झाकण, प्लग, केबल हे पॅकहाऊसच्या वायरमनचंही काम नाही. मशीन चालू असताना प्लग ओढणे हा तर सरळ जिवाशी खेळ आहे.

• जळका वास, कॉम्प्रेसरचा खडखडाट, पट्ट्याचा चित्कार. मशीन ऑटोवर असेल तर ते न सांगता आपोआप सुरू होतं, त्यामुळे मुख्य स्विच बंद केल्याशिवाय पट्ट्याजवळ हात नेऊ नका.

• जाणारी आणि परतणारी हवा, दोन्हींचे आकडे तुमच्या तपासलेल्या थर्मामीटरशी जुळत नाहीत. सेन्सर गेलाय, आणि खोट्या आकड्यावर मशीन कितीही प्रामाणिकपणे चाललं तरी उपयोग नाही.

• डिफ्रॉस्ट सुरूच होत नाही किंवा संपत नाही.

• तोच अलार्म पुसल्यावर पुन्हा येतो. पुसण्याआधी त्याचा फोटो काढा.

कंटेनरच्या बाबतीत अजून एक. मशीन शिपिंग लाइनचं असतं, त्यांच्या परवानगीशिवाय बाहेरचा मेकॅनिक लावला तर पुढे दावा अडतो. सील लागल्यावर दार उघडून "जरा बघतो" हे करू नका. निर्यातदार, लाइन आणि कस्टम्स यांना कळवल्याशिवाय सील तुटता कामा नये.

मेकॅनिक येईपर्यंत मालाचं काय? गाडी अजून तुमच्या आवारात असेल तर वाट बघत बसू नका, माल उतरवून कोल्ड रूममध्ये घाला. दोन तासांची हमाली मालापेक्षा स्वस्त आहे. रस्त्यात असेल तर दार बंद ठेवा, गाडी सावलीत लावा आणि जवळच्या कोल्ड स्टोरेजला किंवा प्लग मिळेल अशा यार्डाला फोन लावा. नीट भरलेला, नीट गार केलेला आणि घट्ट बंद असलेला माल काही तास तग धरतो. गरम भरलेला धरत नाही.

फोनवर मेकॅनिकला एवढं सांगा: मशीनचं मॉडेल, सेट किती, जाणारी हवा किती, परतणारी किती, अलार्मचा नंबर, मशीनचे तास, बिघाड लोडिंगनंतर किती वेळाने सुरू झाला, आणि गराचं तापमान कुठल्या पॅलेटमध्ये किती. जाणारी आणि परतणारी हवा यांत फरक फार मोठा असेल तर त्याचा संशय गरम मालावर जाईल. माल गरम असूनही फरक जवळजवळ नसेल तर एक तर हवा वाटेतच पळतेय, नाही तर मशीन गारच करत नाहीये. जाणारी हवा सेटइतकी गार असेल तर पहिलं, नसेल तर दुसरं. हे आकडे आधी मिळाले तर तो योग्य सामान घेऊन निघतो.

लॉगरचा आलेख त्याच दिवशी उतरवून ठेवा. आणि शेवटच्या पॅलेटचा, लाल रेघेचा, दारापाशच्या पुठ्ठ्याचा फोटो दार लावण्याआधीच काढलेला असू द्या, सील नंबरच्या फोटोसोबत. लोडिंग नीट झालं होतं हे माल पोचल्यावर काढलेल्या फोटोंवरून सिद्ध होत नाही.